डाव्या टायरातलं पाणी

शालिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी दाढी करत होतो. कुहीजवळच्या आमच्या गावाहून शेजाऱ्यानं केला होता. "ट्रॅक्टर पलटी झाला गा, नहराच्या पाळीवर. शालिक खाली आला..." कालव्याच्या बांधावर उलटलेला तो ट्रॅक्टर माझा, चालवणारा शालिक. आणि फोन ठेवताना माझ्या डोक्यात पहिला विचार शालिकचा आला नाही, टायरचा आला. सहा आठवडे झाले, त्या क्षणाची मला अजून शिसारी येते.

आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी नोकरीसाठी नागपूरला गेलो, तो धानाच्या बांध्यांमध्ये राहिला. वडिलांच्या मागे शेती माझ्याकडे आली तेव्हा मी हौसेनं एक जुना ट्रॅक्टर घेतला. तो मागून हलका निघाला. पहिल्याच चिखलणीत चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. मी वर बसून शिव्या घालत होतो आणि शालिक धुऱ्यावर बसून पोट धरून हसत होता. "त्याले काहून शिव्या देतं गा? वजन नाही त्याच्यात. पाणी पाजू त्याले." मागच्या टायरांत पाणी भरलं की चाक जड होतं आणि चिखल धरतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ट्रॅक्टर माझ्या नावावर राहिला, पण होता तो शालिकचाच.

पाणी भरण्याचा त्याचा सोहळा असायचा. चाक जॅकवर उचलायचं, हवा भरायचा वॉल सगळ्यात वर येईल असं फिरवायचं, उंचावर ठेवलेल्या ड्रमाची नळी त्याला जोडायची. मध्येमध्ये नळी काढून आतली हवा बाहेर सोडायची. पाणी वॉलपर्यंत आलं की थांबायचं आणि वरच्या जागेत हवा भरायची. अर्धा दिवस जायचा. मी कंटाळून जायचो, हा मात्र टायरला कान लावून बसायचा. "घोट घेऊन राहिला," म्हणायचा. एक टायर भरून तो कधीच उठला नाही. एकदा सासरची माणसं ताटावर बसली होती, त्याची बायको, मंदावहिनी, दोनदा बोलवायला आल्या, तरी दुसरा टायर भरूनच गेला. "एका पायात बूट अन् एक पाय उघडा, असा चालते का माणूस? एकीकडं पाणी, एकीकडं नुसती हवा... उतारावर पलटी मारते मशीन." हे त्यानं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी गावी असताना मागचा डावा टायर पंक्चर झाला. शालिक पुतणीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, मौद्याला गेला होता. मी स्वतःला मोठा मिस्त्री समजतो. चाक काढून कुहीला नेलं. दुकानदारानं पाणी काढलं, ट्यूब जोडली, हवा भरली. "पाणी भराचं का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "राहू द्या, शालिक भरेल." गावी येऊन चाक बसवलं आणि नागपूरची बस पकडली. घाई कशाची होती? कशाचीच नव्हती. बसमध्ये फोन हातात होता. शालिकला सांगायचं आठवलंही होतं... सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी तो माझ्या आधी उठला आणि ट्रॅक्टर घेऊन निघाला. पाण्याचा टायर आणि नुसत्या हवेचा टायर बाहेरून सारखेच दिसतात. नहराच्या पाळीवर उतार उजवीकडे होता, आणि वरच्या अंगाला माझं ते हलकं डावं चाक.

तेरवीला गावकरी बोलत होते. शालिकचं लक्ष नसेल, साक्षगंधाचं जागरण असेल, कोणी तर प्यायला असेल म्हणालं. शालिकनं उभ्या जन्मात दारू शिवली नव्हती. मी ऐकत उभा राहिलो. मंदावहिनी माझ्याजवळ आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "भाऊजी, त्यायच्या चुकीनं तुमच्या ट्रॅक्टरचं नुकसान झालं." तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. इतका भेकड मी आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. ट्रॅक्टर त्यांच्याच अंगणात उभा आहे, मडगार्ड चेपलेलं. उजव्या टायरात शालिकनं भरलेलं पाणी अजून तसंच आहे. ते काढायची माझी हिंमत नाही. ओसरीवर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे त्यायची चूक नोहती?"

"नव्हती."

त्यांनी आतून मुलीला बोलावलं. "हे पुन्हा सांगा, भाऊजी. हिच्यापुढं सांगा." मी पुन्हा सांगितलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली. मला वाटलं होतं, वहिनी रडतील, शिव्या देतील. त्यांनी नुसतं विचारलं, "तुम्ही पेपरात लिवता न?"

"लिहितो कधी कधी."

"मंग लिवा. सारा गाव त्यायलेच बोलून राहिला. लिवा अन् मंगच या घरी या."

शालिकची चूक नव्हती. डाव्या टायरात पाणी नव्हतं, आणि ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं.