साडूंच्या कॅमेऱ्यातला कण

आमच्या मोठ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडूंचा पहिला संशय त्याच्यावर. देवळीच्या बाजारओळीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दुकान बंद केलं की कुलूप तीनदा ओढायचे, दहा पावलं चालायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं वरण भुरकल्याशिवाय स्वतः भुरकायचे नाहीत. एका दिवाळीला सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना एकाच ताग्यातलं शर्टाचं कापड दिलं, तर या गृहस्थांनी माझा तुकडा मागून घेऊन आपल्या तुकड्यावर ठेवून पाहिला. माझा बोटभर जास्त निघाला. झालं! त्या बोटभर कापडावरून पुढं कित्येक वर्षं ते माझ्याकडे तिरकंच पाहायचे.

असा माणूस डिजिटल कॅमेरा घेतो म्हणजे काय होणार, बोला! दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर गिऱ्हाइकं ऐकेनात, तेव्हा नाइलाजानं त्यांनी तो नागपूरहून आणला. "रोल नाई, निगेटिव नाई, मंग फोटो रायते कायच्यात?" असं दुकानदाराला विचारलं आणि त्याच्या उत्तरावर अर्थातच विश्वास ठेवला नाही. महिनाभर बरं चाललं. मग प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसायला लागला. नवरदेव बदलले, मांडव बदलले, ठिपका जागचा हलेना. साडूंनी आधी फोटो छापणाऱ्यावर आळ घेतला, मग माझ्यावर. "मांगच्या आयतवारी तुमी कॅमेरा हातात घेतलता ना?" घेतला होता बाबा, पण पिशवीसकट!

फिल्मच्या जागी आत जो सेन्सर असतो, त्यावर धूळ बसली होती. कापसाच्या दिवसांत देवळीत जिनिंगची रुई माणसाच्या नाकातोंडात जाते, ती कॅमेऱ्याला सोडणार होय? साडूंनी भिंग उतरवलं, आतला आरसा वर केला आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या सवयीनं आत दणकून फुंकर मारली. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. एका ठिपक्याचे सतरा झाले. दोन दिवस त्यांनी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. तिसऱ्या दिवशी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घरात खर्रा कोन खाते, ते तं सांगा आधी." खर्रा त्या दिवशी सुटला. संशय मात्र सुटला नाही.

तेव्हापासून सफाईचा विधी ठरला. न्हाणीत कढत पाणी ओतून वाफ करायची, म्हणजे धूळ खाली बसते. वाफ विरली की सदरा आणि बनियन बाहेर, कारण कपड्यांचं सूत झडतं. मग नुसत्या चड्डीवर पाटावर बसून कॅमेरा पालथा धरायचा, रबरी फुग्यानं हवा मारायची, तरी कण हटला नाही तर औषध लावलेली पट्टी एकाच दिशेनं फिरवायची. बाहेर अक्कांचा पहारा. शेवटी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून कॉम्प्युटरवर इंच न् इंच तपासायचा, तोही दहा वेळा. डाग कॉम्प्युटरवरच पुसता येतो असं मी एकदा सुचवलं, तर डोळे वटारून म्हणाले, "पुसलेला फोटो खोटा असते, भाऊ. आज डाग पुसते, उद्या मानूस पुसन."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. फोटो मीच काढीन, दुसऱ्या फोटोग्राफरला मांडवात पाय ठेवू देणार नाही, असं त्यांनी सोयऱ्यांना बैठकीतच ठणकावलं. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मला फोन. "लगेच या. कोनाले सांगू नोका." मी वर्ध्याहून मिळेल त्या एसटीनं गेलो. न्हाणीत साडू चड्डीवर बसलेले, समोर कॅमेरा उघडा आणि त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"दिवाळीपासून असंच हून राह्यलं," ते म्हणाले. "स्टँडवर ठेवून फोटो काढतो, जमते. पर ही पट्टी आत नेली का हात ऐकत नाई. काचेवर चरा पडला तं पोरीच्या लग्नाचे सारे फोटो गेले."

"नागपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेऊ या का?"

"तो आतला चांगला पार्टच बदलून ठेवन." मग पट्टी माझ्यापुढं धरली. "तुमी करा."

मी न्हाणीचं दार लावून घेतलं. शर्ट काढला, पाटावर बसलो, श्वास रोखून पट्टी एकदा फिरवली. कॅमेरा त्यांच्या हाती देऊन म्हटलं, "आता भिंतीचा फोटो काढून पाहा." त्यांनी भिंग बसवलं, झाकण लावलं.

"कायले पाहाचं? तुमी केलं ना."

अहो, स्वतःच्या कुलपावर ज्याचा कधी विश्वास बसला नाही, तो हा माणूस! परतीच्या एसटीत मी शिंगं फुटल्यासारखा ताठ बसलो होतो.

लग्न थाटात झालं. अल्बम तयार झाल्यावर साडूंनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः पानं उलटली. "पाहा. एक डाग नाई." मी पाहिलं. हळदीत, सप्तपदीत, मुलगी निघाली तेव्हा तिला बिलगलेल्या अक्कांच्या मागच्या पांढऱ्या कापडावर, वर उजव्या कोपऱ्यात, पट्टीच्या सुताचा एक वाकडा तुकडा. प्रत्येक फोटोत. माझ्याच हातचा. मी कसंबसं "छान आलेत" म्हणालो.

साडूंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांना तो दिसलाच नाही म्हणावं, तर त्याच दिवशी माझ्या चहातली मुंगी त्यांनी चार हातांवरून हेरली होती. मग दिसला, आणि माझ्या तोंडाकडे पाहून गिळला? विचारायचं राहून गेलं. देवळीला गेलो की मी अक्कांकडून अल्बम मागून घेतो, त्या कोपऱ्यावर बोट ठेवतो आणि मनात म्हणतो: साडू, एवढी वर्षं घेतलात, तसा तेव्हाही माझ्यावर आळ घ्यायचा होता हो.