बेटावरचं शिळं पाणी

समुद्राबद्दल आम्हा सोलापूरकरांचं ज्ञान अगाध आहे, कारण ते तपासायला जवळपास समुद्रच नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या चहाच्या टपरीवर मला गेली कित्येक वर्षं दर्यावर्दी म्हणून मान आहे. भांडवल एवढंच, की लग्नाआधी मी एकदा कोकणात घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो होतो. सांगता सांगता ते पाणी कमरेला लागलं, मग गळ्याशी आलं, आणि अलीकडे तर मी एका देवमाशाला हातानं बाजूला सारल्याचं टपरीवरच्या लोकांनाच आठवतं. मी नाही म्हणत नाही. लोकांच्या आठवणीचा मान ठेवावा माणसानं.

तर कारवारच्या बाजूला समुद्रात बेटांचा एक झुबका आहे, होडीतनं ती बेटं फिरता येतात आणि एका बेटावर तंबू ठोकून राहताही येतं, हे टपरीवर कुणीतरी मोबाइलमध्ये दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आता न जाऊन चालणार नव्हतं, अब्रूचा प्रश्न होता. अडचण एकच, बायको.

माझी बायको घराबाहेर मुक्काम करत नाही. भित्री आहे म्हणून नव्हे, घरात नळ आहे म्हणून. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. नेमकं कधी, ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला ठाऊक, आणि तो ते स्वतःच्या बायकोलाही सांगत नसावा. पाणी सुटलं की गल्लीत हाळी जाते, ‘आलं’. मग घरोघरी एकच विधी सुरू होतो. उरलेलं पाणी शिळं झालं, ते आधी ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. काल ज्या पाण्याची झाकण घालून राखण केली, ते ताज्याचं तोंड दिसताच शिळं. माणसांच्या बाबतीतही आम्ही साधारण असंच वागतो, पण तो विषय वेगळा.

या विधीत तिची वीसेक वर्षं गेली. सख्ख्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या तशी ती मांडवातनं उठली, कारण शेजारणीचा फोन आला होता. माझं अपेंडिक्स काढलं त्या दिवशी मी शुद्धीवर आलो तर उशाशी नर्स. ‘ह्यांचं काय, हे येतील आपोआप शुद्धीवर, नळाचं तसं नसतं,’ असं सांगून बाई घरी गेली होती.

समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. मी बेटांचं काढलं तेव्हा तिनं आधी हंड्यावरचं झाकण नीट केलं.

“येते,” ती म्हणाली. “पण दोन दिवस पाण्याचं मला काही सांगायचं नाही. भर नाही, झाक नाही, पुरव नाही. मी नुसती बघत बसणार.”

“कशाकडं?”

“पाण्याकडंच की. इतकी वर्षं भरतेय, एकदा बघू तरी द्या कसं असतं ते.”

हे ती हसत म्हणाली नाही. निघायच्या दिवशी तिनं शेजारणीला पाण्याच्या मोटारीचं बटण असं समजावलं, की पोटची पोर सासरी पाठवतेय. फाटकाशी एकदा वळून बघितलं, मग गाडीत बसली आणि भावजयीला शपथ घातली, “माझ्या गळ्याची आण आहे वहिनी, पाण्याचा शब्द काढायचा नाही.”

गाडी मेव्हण्यांची. बायकोचे थोरले भाऊ बार्शीला धान्याची आडत चालवतात. भर हुरड्याच्या दिवसांत शेत सोडून समुद्राला जायचं म्हणजे त्यांच्या मते बुद्धिभ्रंश होता, पण बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं म्हणून आले. मी ऑनलाइन मागवलेला तंबू त्यांनी उघडून पाहिला. त्यावर ‘दोन माणसांसाठी’ असं लिहिलं होतं. तो बनवणाऱ्यानं बार्शीतली माणसं पाहिलेली नसावीत. मेव्हण्यांनी मुकाट्यानं आडतीतली ताडपत्री गाडीवर टाकली. तिला तुरीचा असा वास होता, की वाटेत दोन गावांत लोकांनी भाव विचारला. वहिनींनी कडक भाकऱ्यांची चवड, शेंगांची चटणी, चार चादरी आणि एक हंडा, एक कळशी घेतली. हंडा बघून माझ्या बायकोनं मान फिरवली, सवत दिसावी तशी.

मेव्हण्यांना कन्नड येतं. म्हणजे तूर घेण्यापुरतं येतं. किनाऱ्यावर त्यांनी होडीवाल्याशी अर्धा तास कन्नडमध्ये घासाघीस केली. होडीवाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी मराठीत विचारलं, “दादा, होडी पाहिजे की पोती?”

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला चार बेटं फिरवली. एकावर नुसता काळा खडक आणि त्यावर पांढरे पक्षी, चुना मारल्यासारखे. एकावर माडांची दाटी. एका बेटाच्या मधोमध लाटांनी भोक पाडलंय, त्यातनं पलीकडचं आकाश दिसतं. डॉल्फिन निघाले. टपरीवर मी ते म्हशीएवढे होते आणि त्यांनी मला मान लववली असं सांगतो, इथंही तेच समजावं. माझ्या पोटातलं सगळं मी त्याच वेळी समुद्राला वाहिलं. जाणकार लोक याला समुद्रपूजन म्हणतात.

होडीच्या काठावरनं बायकोनं हात पाण्यात सोडला होता, तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. मग पदरालाही पुसला नाही. ज्या बाईच्या घरात सांडलेला थेंब फडक्यानं टिपून कुंडीत पिळतात, तिचा हात ठिबकत होता आणि ती त्याकडं बघत होती.

ऊन कलताना होडीवाल्यानं आम्हाला मुक्कामाच्या बेटावर उतरवलं. पिण्याच्या पाण्याचे दोन जार वाळूत ठेवले आणि सांगितलं, “बेटावर गोडं पाणी नाही. विहीर नाही, झरा नाही. हे आजचं. उद्या सकाळी ताजे जार घेऊन येतो.” वहिनींनी तेवढ्यात हंडा आणि कळशी भरून घेतली. भांडं रिकामं दिसलं की त्यांना झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उठून दूरच्या टोकाला, एका खडकावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडून. आमच्याकडं पाठ. वहिनी छोट्या गॅसवर चहा करत होत्या, मेव्हणे ताडपत्रीवर पालथे, मी दर्यावर्दी असल्यानं वाऱ्याची दिशा बघत होतो. इतक्यात लांबनं इंजिनाची फटफट ऐकू आली.

मेव्हणे पडल्या पडल्याच म्हणाले, “आलं.”

झालं. त्या एका शब्दानं आमच्या अंगात काय संचारलं ते देवाला ठाऊक. बार्शीलाही नळाची तीच तऱ्हा. वहिनींनी गॅस बंद केला आणि हंडा वाळूत पालथा केला. नारळाची शेंडी आणि वाळू घेऊन तो असा घासला, की त्यात बेटाचं प्रतिबिंब पडावं. मेव्हण्यांनी एका जारनं पाय धुतले, “न्हाईतरी शिळंच हाय,” म्हणाले. मी स्वतः काहीही ओतलं नाही. वहिनींच्या हाताला ओझं नको म्हणून दुसरा जार फक्त तिरका धरला. बाकीचं काम पाण्यानंच केलं.

भांडी लखलखीत करून आम्ही तिघं किनाऱ्यावर ओळीनं उभे राहिलो, नळापाशी राहतो तसे. होडी आली आणि पुढं गेली. मासळीवाल्यांची होती. त्यातल्या एकानं हात हलवला. आम्हीही हलवला. काय करणार.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला एकाच खडकावर मोबाइलला रेंज होती. तिथनं होडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “वारा उठलाय. संध्याकाळी पडला तर येतो. नाही पडला तर उद्या. पाणी आहे ना तुमच्याकडं?”

“हाय की,” मेव्हणे म्हणाले. “चारी बाजूंनी हाय.”

फोन ठेवल्यावर आम्ही न्याहारीला बसलो. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांच्याइतकं चविष्ट आणि इतकं कोरडं खाणं पृथ्वीवर दुसरं नाही. दोन घास खाल्ले तर उंटसुद्धा माठ शोधत येईल. त्यात आदल्या रात्री तळलेल्या मिरच्या. मग माडावर चढायचं ठरलं. मेव्हणे माडाला मिठी मारून उभे राहिले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “किती वर गेलात?” ते म्हणाले, “आजून सुरवात केली न्हाई.” मग मी समुद्राचं पाणी उकळून झाकणावरची वाफ गोळा करायची युक्ती काढली. गॅस संपला तेव्हा हाती जे आलं होतं, ते डोळ्यात घालायला पुरलं असतं. एका डोळ्यात.

आणि इतका वेळ आम्हा तिघांचंही लक्ष त्या खडकावरच्या पाठीकडं होतं. या जगात पाण्यातनं वाट काढणारं एकच माणूस आम्हाला माहीत होतं, आणि त्या माणसाला पाण्याचा शब्द ऐकवायची बंदी होती.

“तुमी सांगा दाजी,” वहिनी म्हणाल्या. “नवऱ्याचं चालतंय.”

“तुम्ही नणंद-भावजय. तुम्ही सांगा.”

“मला नका गुतवू. आण घातलीया मला.”

शेवटी मेव्हणे गेले. लांबनं आम्हाला दिसत होतं, ते तिच्याजवळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. जरा वेळानं परत आले.

“काय बोललात?” मी विचारलं.

“म्हणलं, समुद्र लई मोठा हाय की गं.”

“मग?”

“व्हय म्हणली. मग म्हणलं, पार भरल्याला हाय. त्यालाबी व्हय म्हणली.” ते वाळूत बसले. “हसत हुती ओ ती. आमच्या लग्नात बी इतकी हसली नव्हती. मला न्हाई जमलं.”

मग कुणीच गेलं नाही. ऊन चढलं, ओठ चिकटायला लागले, वहिनींनी पदराचं टोक चोखून बघितलं, आणि तरी कुणी गेलं नाही. एवढं एक मी वाढवून सांगत नाही.

दुपारी ती आपणहून आली. आम्ही चटकन गप्पांना लागलो. पण ताडपत्रीपुढं हंडा आणि दोन्ही जार पालथे, घासलेले, उन्हात चमकत होते. आमच्या घरांत पालथ्या भांड्यांचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तिनं एकदा भांडी बघितली, एकदा रिकाम्या समुद्राकडं बघितलं, एकदा आमचे ओठ बघितले. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून जो समुद्र होता तो ओसरला आणि तिथं नळ आला.

“शिळं म्हणून ओतलं?” तिनं विचारलं.

“होडी आली असं वाटलं,” मी म्हणालो. “म्हणजे आली होतीच, पण दुसरी.”

ती तंबूत वाकली. घडी घातलेल्या चादरींच्या मागनं तिनं कळशी बाहेर काढली. तोंडावर ताटली, ताटलीवर फडकं घट्ट बांधलेलं, वर दगड. आम्ही तिघांनी ओतायच्या नादात एक भांडं कमी आहे हे बघितलंच नव्हतं.

“वन्सं,” वहिनी म्हणाल्या, “ही कवा लपवली?”

“काल. तुम्ही झोपल्यावर.”

“आन म्हणत हुता, पाण्याचं काय बी करणार न्हाई.”

“भरणार नाही म्हणाले होते. तुमच्या भरवशावर सोडीन असं कुठं म्हणाले?”

मला वाटलं, आता ही बसणार, फुलपात्रानं मोजून देणार, संध्याकाळपर्यंत पुरवणार, आणि हिची सुट्टी इथंच बुडाली. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. तिनं एक फुलपात्र भरून सावकाश संपवलं, आणि कळशी उचलून माझ्या मांडीशी ठेवली.

“आता हे तुम्ही पुरवायचं.”

“संध्याकाळपर्यंत?”

“संध्याकाळपर्यंत. मग घरी गेल्यावर पुढचं पाणी येईल, ते. मग त्याच्या पुढचं. माझी सुट्टी संपली की सांगेन मी.”

आणि ती खडकावर परत गेली.

त्या दुपारी मी जसं राज्य चालवलं तसं भल्याभल्यांना जमलं नसेल. कळशीवर डावा हात, उजव्या हातात फुलपात्र. मेव्हणे, ज्यांच्या शब्दावर बार्शीत पोत्यांच्या थप्प्या हलतात, माझ्यापुढं तळहात पसरून बसले होते. “दाजी, आर्धं तरी.” मी म्हणालो, “चटणी खाऊ नका, मग तहान लागत नाही.” हे वाक्य मी घरी आयुष्यभर ऐकलं होतं. माझ्या तोंडातनं ते जसंच्या तसं, तिच्याच सुरात निघालं, तेव्हा वहिनींनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

ऊन उतरताना वारा पडला आणि होडी आली, आमचीच, जार घेऊन. कळशीत तळाला चार बोटं पाणी होतं. मेव्हण्यांचा हात सवयीनं तिकडं गेला, “हे ओततो, शिळं...”

“हात लावू नका,” मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा निघाला, की होडीवाल्यानं इंजिन बंद केलं.

उरलेली बेटं आम्ही तिसऱ्या दिवशी फिरलो. तिनं सगळा वेळ हात पाण्यात ठेवला.

हल्ली टपरीवर माझा देवमासा निम्म्यातच राहतो. ऐन रंगात आल्यावर शेजारणीचा फोन येतो, “आलं.” मी उठतो. घरी भांडी बाहेर काढतो, नळी जोडतो. बायको गच्चीत खुर्ची टाकून बसलेली असते. समोर बघण्यासारखं काही नाही, टाक्या आहेत आणि टाक्यांमागं माळ. ती त्याकडं खडकावरनं बघत होती तशीच बघते. उरलेलं पाणी मी ओतत नाही, त्यावरच ताजं सोडतो. शेजारीण नाक मुरडते.

“अहो,” वरनं आवाज येतो, “एक कळशी बाजूला ठेवलीत का?”

ठेवलेली असते. ताटली, फडकं आणि दगडासकट. टपरीवर मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.