धुक्यातला डबा

आज आईने सुके बोंबील भाजले आणि त्या वासासरशी मला सातपाटीचा किनारा आठवला. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण कॉलेजात जीव रमेना, म्हणून एका पहाटे कुणाला न सांगता घाटकोपरहून एकटीच स्कूटरवर सातपाटीला निघाले होते.

किनाऱ्यावर दाट धुकं होतं. नवऱ्याच्या होडीला दिशा कळावी म्हणून एक कोळीण पत्र्याचा डबा बडवत होती.

“बघतेस काय गं? वाजव! माझे हात भरून आले.”

मी वाजवत राहिले. शेवटी धुक्यातून आवाज आला, “आलो गं! बस कर, कान फुटले!”

ती हसता हसता रडली.

माझ्या खिशात आईचा फोन केव्हाचा वाजत होता. एरवी मला ती कटकट वाटायची. तेव्हा मात्र मी उचलला.