डोळे मिटून ऐकणारा गजानन

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीत सोडलेली, पण माझ्या हातच्या नगाऱ्याला नाव होतं आणि ते मी कोणाच्या मेहरबानीनं कमावलं नव्हतं. दरवर्षी पोहरादेवीच्या यात्रेत मी बसायचो. तांड्यातांड्यांतले लोक जुने नगारे मढवून न्यायचे, नवे सांगून जायचे. त्या साली गुडघ्यांनी दगा दिला आणि यात्रेतली जागा रिकामी राहिली. लोकांनी तिथं चौकशी केली, तर कोणीतरी सांगितलं म्हणे, म्हातारा गेला. हे मला फार झोंबलं. मी वाशीमजवळच्या मालेगावात जिवंत बसलेला, आणि शोधणाऱ्याला सापडत नाही! म्हणून बसस्टँडमागच्या गजाननच्या दुकानात गेलो.

गजानन चाळिशीतला. आधी फ्लेक्स छापायचा, मग वेबसाईट बनवू लागला. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"गजू, मी आलो हाय."

"दिसलं मले. आता सांगा, तुमी काय करता?"

"तुले माहीत नाही?"

"मले माहीत हाये, काका. पण लोक मोबाईलमधी धुंडते ना, तो सर्च आंधळा असते. त्याले फक्त शब्द समजते. म्हणून मी बी आंधळा होतो. हं, सांगा."

ही त्याची रीत होती. कोणीही दुकानदार येवो, हा डोळे मिटून ऐकणार. भांड्याच्या दुकानवाल्या जैन शेठनं कोणाच्या तरी सांगण्यावरून आपल्या वेबसाईटच्या पानाखाली 'भांडी, भांडी, भांडी' असं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत भरून घेतलं होतं. माणसाला दिसू नये, पण सर्चनं वाचावं. गजानन त्याला म्हणाला, "शेठ, गिऱ्हाईक दुकानात आलं अन् तुमी त्याच्या कानात भांडी भांडी वरडत राह्यले, तर ते थांबन का पयन?" शेठ स्वतःच हसत सुटला. एका मंगल कार्यालयवाल्यानं तर नागपूरच्या कार्यालयाचं पान जसंच्या तसं उचललं. एक दिवस मुलीकडचे लोक आले आणि तलाव कुठं आहे म्हणून विचारू लागले. मालक धावत गजाननकडे आला. "आता खोदा," गजानन म्हणाला.

माझं त्याच्याशी पटलं नाही. मला स्टँडवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तसं पाहिजे होतं. फेटा बांधून हात जोडलेला माझा फोटो, बाजूला नगारा, वर बापाचं नाव, खाली माझं नाव आणि फोन, सगळं एकाच चित्रात.

"काका, चित्रातली अक्षरं त्याले वाचता येत नाही. तुमी तोंडानं सांगा, मी शब्दात लिहितो. चित्र बी ठेवू."

"माझं काम हाताचं हाय. तोंडानं सांगाले मी काय दलाल हाय?"

"गिऱ्हाईकाचं मी ऐकतो," तो म्हणाला, "पण खरं सांगून ऐकतो." हे त्याचं नेहमीचं वाक्य. मग त्यानं माझ्या म्हणण्यासारखं करून दिलं. पान झकास झालं. नातवांनी पाहिलं, सोयऱ्यांनी पाहिलं. फोन मात्र वाजला नाही. गजानन रस्त्यात भेटला की विचारायचा, "काका, सांगता कवा?"

"मरणाच्या वेळी सांगीन."

"कोणाच्या?" असं म्हणून तो हसायचा.

पुढं त्याच्या शुगरनं डोळे धरले. अकोल्याला इंजेक्शनं झाली, पण आधी धूसर झालं, मग नुसता उजेड उरला, मग तोही गेला. पाठोपाठ किडनीनं त्रास द्यायला सुरुवात केली. त्याची बायको रेखा दुकान पाहू लागली. तो बोलायचा, ती टाईप करायची. दुकानात तो तसाच बसायचा, फक्त आता डोळे उघडे असायचे. दिसत होतं तेव्हा मिटायचा, आणि दिसेनासं झालं तेव्हा टक्क उघडे. मला ते पाहवत नव्हतं. त्या रस्त्यानं जाणं मी कमी केलं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गेलोच. पायरीवर पाय ठेवला तर तो म्हणाला, "काका ना? गुडघा वाजते तुमचा."

"गजू, कसा हायेस?"

"आता मले डोये मिटाची गरज नाही. मले नगारा दिसत नाही, तुमचा फेटा बी दिसत नाही. आता तरी सांगा."

मी स्टूल ओढून बसलो. रेखानं माझ्याच मोबाईलचं रेकॉर्डिंगचं बटन दाबलं आणि तो समोर ठेवला. "बोलत राहा बाबा, मी मंग ऐकून लिहीन."

मी बोललो. कातडं बोटांनी कसं चाचपायचं, मानेकडचं का सोडायचं, किती भिजवायचं, उन्हात का वाळवायचं नाही. गजानन मधे मधे गिऱ्हाईकासारखं विचारायचा, "जुना मढवून भेटते का? दुरून पाठवला तर चालते का? हेच धुंडते लोक, काका. तुमच्या बापाचं नाव कोणी धुंडत नाही."

"बापाचं नाव राहीनच!"

"राहू द्या ना. पण शब्दात राहू द्या."

कातड्याची वादी आवळण्यापर्यंत आलो आणि त्याला घाम फुटला. रेखा म्हणाली, "बस आता." तो म्हणाला, "आवाज कसा लावता ते राह्यलं. ते उद्या." मी दारात पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "काका, ते बटन ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्याला वाशीमला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी गाडीतून आणला तो झाकूनच. सगळे दुकानदार आले होते. शेठ एका कोपऱ्यात उपरण्यानं डोळे पुसत होता. मी काठी टेकत जवळ गेलो. कोणीतरी त्याचे डोळे मिटले होते. मला वाटलं, ऐकून राह्यला.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. त्या चित्रात फेटा चांगलाच दिसतो.

त्याला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी उठलो, अंगणात नगारा समोर घेतला आणि मोबाईल विटेवर उभा केला. रेखानं दाखवलेलं बटन दाबलं. मग डोळे मिटले आणि म्हणालो, "गजू, आवाज राह्यला होता. ऐक. कातडं वाळलं का नाही ते डोयानं कयत नाही. कान लावा लागते..."