भिंगरीच्या हातचं औषध

माझी धाकटी जाऊ शर्टांच्या कारखान्यात काज-बटणं करते. एका जागी म्हणून टिकत नाही, त्यामुळे घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. सासूबाई तर येताजाता ऐकवतात, "भिंगरीच्या हाताला गुण आहे हो!" माझ्या हाताला काय आहे, ते कुणी सांगत नाही.

एवढं मी गिळत आले होते. पण माझी दोन वर्षांची लेक आजारी पडली. ताप भरला आणि शीतून रक्त अन् आव पडू लागली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकची बाटली दिली आणि मला दोनदा बजावलं, "रोज सकाळी एकदा, पाच दिवस. बरी दिसली तरी बंद करायचं नाही."

बाटलीतल्या पावडरीत मी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, खळखळून हलवलं, टोपणाने मोजून लेकीच्या तोंडाशी धरलं. तिने ते माझ्याच अंगावर थुंकलं. तेवढ्यात कामावर निघालेली भिंगरी डोकावली. गळ्यातली टेप काढून तिने लेकीचं पोट मापलं.

"अगं बाई, इथे तर एवढीशी जागा रिकामी आहे! भरायची का?"

लेकीने खुशाल आ केला. माझा नुसता जळफळाट झाला. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि तोंड उघडायचं काकूसाठी?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, ताप उतरला आणि लेक उठल्याउठल्या "काकू, काकू" करत दाराशी जाऊन बसली. भिंगरी आली तशी मी तिला उंबऱ्यातच अडवलं.

"डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलंय. तू नाही आलीस तरी चालेल."

"पाच दिवसांचं होतं ना, ताई?"

"आई मी आहे की तू?"

ती कामावर निघून गेली. मी लेकीला औषध पाजायला गेले, तर तिने परत थुंकलं. म्हटलं, मरू दे, बरी तर आहे.

तीन दिवसांनी पुन्हा रक्त पडलं. लेकीला उचलून मी दवाखान्यात निघाले. भिंगरी रजा टाकून आमच्याबरोबर आली. डॉक्टरांनी अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली उजेडात धरली.

"औषध कुणी थांबवलं?"

मी लेकीचं झबलं सारखं करू लागले.

"माझं चुकलं," भिंगरी म्हणाली. "पाजायचं काम माझ्याकडे होतं."

"बरी दिसली म्हणजे जंतू मेले का? अर्धवट औषधाने ते उलट चिवट होतात. पोरीच्या जिवाशी खेळताय तुम्ही!"

तिने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. शी तपासून डॉक्टरांनी औषध बदललं. पाचही दिवस ते भिंगरीनेच पाजलं आणि लेक खडखडीत बरी झाली.

खरं काय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं, तर सगळे तिचंच कौतुक करतील.