चकाकी बाहेरून

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला चीजच्या कारखान्यात सगळे ‘चकाकीसाहेब’ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तो पॅकिंगचा प्रमुख आणि मी तिथेच तपासणीला, त्यामुळे त्याचं शहाणपण मला घरीदारी ऐकावं लागे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण बहुधा त्याला बघूनच कुणाला तरी सुचली असावी.

जंतू मारणारं नवं प्लास्टिक आलं, तेव्हा तर स्वारीचे पाय जमिनीवर टिकेनात. त्या प्लास्टिकच्या एका बाजूला जंतुनाशकाचा थर असतो. तो चीजला चिकटून राहिला की बुरशी आणि जंतू सहसा वाढत नाहीत, माल जास्त दिवस टिकतो. थंडावा तरीही लागतोच. प्रत्येक रोलवर ठळक चिठ्ठी होती : थराची बाजू आत. पण थराची बाजू चकचकीत आणि दुसरी मळकट दिसायची, म्हणून त्यानं रोल उलटे चढवायला लावले.

“भावोजी, चिठ्ठी वाचलीत का?” मी विचारलं.

“अगं, गिऱ्हाईक आधी पाकीट बघतं. आणि औषध ते औषध, आतून काय, बाहेरून काय!”

खोकल्याचं औषध गळ्याला बाहेरून चोळणाऱ्यांपैकी हा माणूस. मी वरच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनाही चकाकी आवडलेली.

पहिली पाकिटं त्यानं आपल्या आईला नेऊन दिली. “फ्रिज नको की काही नको. कपाटात ठेव, महिनाभर काही होत नाही.” म्हातारी हरखली. शेजारणींना पाकिटं दाखवायची, उघडायची मात्र नाही.

पंधरवड्यानं तिनं एक उघडलं. चीज बुळबुळीत झालं होतं, आंबूस वास मारत होतं. दुसरी कोणी असती तर फेकून मोकळी झाली असती. हिनं ते धुतलं आणि खाल्लं, कारण लेकानं आणलेलं. दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात, हाताला सलाइन, अंगात उठून बसायचं त्राण नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात काही सांगता येत नाही.

उरलेलं पाकीट डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी घेऊन गेले. स्वारी पलंगाशी उभी होती. म्हातारीला माझ्या हातातलं पाकीट दिसलं.

“यात काही दोष होता का रे?” तिनं लेकाला हळूच विचारलं.

मी त्याच्याकडे रोखून बघत राहिले. म्हटलं, आता तरी जनाची नाही तर मनाची वाटेल.

“छे गं आई, पाकीट एक नंबर. तूच फ्रिजमध्ये ठेवलं नाहीस.”

मला त्याची किळस आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारीनं मान हलवली.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “कारखान्यात कुणाला सांगू नकोस हं. उगाच तुला नावं ठेवतील.”

“नाही सांगत,” चकाकीसाहेबांनी मोठ्या मनानं कबूल केलं.