दादांची पुस्तकं आणि झिजलेले आटे

घड्याळजींना घाणीची किळस कधी आली नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या मनगटांचा मळ घड्याळांच्या खाचांतून ब्रशनं काढला होता आणि हात धुऊन शांतपणे जेवले होते. त्यांना किळस यायची ती लबाडीची, आणि त्या तीन आठवड्यांत ती त्यांच्या वाट्याला पोटभर आली.

घरात थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. दादांनी बावीस वर्षं अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली होती. एकूण तीनशे बारा. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर खडूनं लिहून बोलत, आणि आवाज होता तेव्हापेक्षा जास्त तिखट बोलत. वाचनालय कधीच बंद पडलं होतं. दादांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, तो घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवर. संध्याकाळी वहिनी एखादं पुस्तक लावायच्या आणि भाजी निवडता निवडता नवऱ्याला ऐकायच्या.

एके दिवशी डिस्क टकटकायला लागली. टक्. टक्-टक्. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. घड्याळजींनी कान लावला.

"वहिनी, हिची चाल बिघडलीय. ही फार दिवस काढत नाही."

पुतणी दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कामात. ती फोनवर म्हणाली, "काका, घरात छोटा सर्व्हर करा. ऑफिसातून काढून टाकलेला साधा कॉम्प्युटर घ्या, राउटरला वायरनं जोडा, की कुठल्याही खोलीत बाबांची पुस्तकं ऐकता येतील. पैसे खोक्यावर घालवू नका, डिस्कवर घाला. दोन नव्या घ्या, दोन्हींवर तेच ठेवायचं. आणि दोन्ही एका दुकानातून नकोत. जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडतात. तोवर जुनीला त्रास देऊ नका."

वहिनींनी त्या दिवसापासून पुस्तक लावणं बंद केलं.

पहिल्या दुकानात काचेच्या भिंतींचं एक खोकं लाल-निळं लुकलुकत होतं. "काका, सात पंखे आहेत."

"मला गोष्टी ऐकायच्यात. वादळ नाही."

दुसऱ्यानं एक देखणा डबा पुढे सरकवला. दहा वर्षं बघायला नको म्हणाला. आत डिस्क कुठाय विचारल्यावर म्हणाला, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. घड्याळजींना वाटलं, घड्याळाची नुसती डबी विकून काटे वेगळे घ्या म्हणणारा घड्याळवाला अजून पाहिला नव्हता, तोही पाहून झाला.

तिसऱ्याकडे सीलबंद पाकिटातली नवी कोरी डिस्क होती. घड्याळजींनी पाकीट फोडायला लावलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि स्क्रू बसवायच्या भोकांत पाहिलं. आटे झिजून चकाकत होते. ज्यात कधी स्क्रू गेलाच नाही ते आटे असे चकाकत नाहीत.

"ही जोडून दाखवा. किती तास चाललीय ते दिसतं म्हणे."

दुकानदारानं नाइलाजानं जोडली. अडतीस हजार तास.

"म्हणजे सव्वाचार वर्षं," घड्याळजी म्हणाले. "बाळंतपणाला आलेली बाई कुमारिका म्हणून उभी केलीत की हो!"

"काका, तोंड सांभाळा. बाजारात सगळे हेच विकतात."

घड्याळजी बाहेर आले तेव्हा तोंडात कडू पाणी सुटलं होतं. ते नुसतं त्या दुकानदारामुळे नव्हे. शिकाऊ असताना मालकानं त्यांच्याकडून जुनी घड्याळं चकचकीत करून नव्या डब्यांत भरून घेतली होती. झिजलेले आटे दिसू नयेत म्हणून त्यांत शिसपेन्सिल फिरवायची युक्ती त्यांचीच. मालकानं पाठ थोपटली होती. ती थाप आज पाठीवर चिकटल्यासारखी वाटत होती.

घरी दादांनी पाटी वर केली: "काय आणलंस?"

"काही नाही."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

असे तीन आठवडे गेले. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात एक बाई भेटल्या. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सात वर्षं ऑफिसात होता. पंखा कुरकुरतो. झुरळं मी झाडलीत, पण अंडी असतील." घड्याळजींनी खोकं उघडलं. अंडी होतीच, आणि काळपट धुळीचा थर. बाईंनी सांगितलं तेवढंच आत होतं. घड्याळजींनी घासाघीस न करता कॉम्प्युटर उचलला. मग शहराच्या दोन टोकांच्या दोन दुकानांतून, भिंग लावून, दोन खरोखरच्या नव्या डिस्क आणल्या.

रविवारी पुतणी स्वतः आली. सगळं जोडलं, जुनी डिस्क सुरू केली. ती आता पूर्वीपेक्षा जोरात टकटकत होती.

"काका, ही इतकी कशी बिघडली? बंदच होती ना?"

"बंदच. फक्त सकाळी पाच मिनिटं लावून ऐकायचो. चाल कशी आहे ते कळायला."

"रोज? काका, हे घड्याळ नाही! दर वेळी सुरू केलं की ती थोडी थोडी मरते!"

घड्याळजी खुर्चीत बसले. लबाड लोकांच्या दुकानांतून नाक मुरडत ते तीन आठवडे हिंडले होते, आणि रोज सकाळी आपल्याच हातानं दादांचा गळा आवळत होते. स्वतःच्या बोटांकडे त्यांना बघवेना.

संध्याकाळपर्यंत तीनशे आठ पुस्तकं नव्या डिस्कांवर आली. मग जुनी गप्प झाली, ती कायमची. चार राहिली. स्वयंपाकघरातून दादांचा आवाज यायला लागला आणि वहिनींनी डोळे पुसत भाजीची टोपली मांडीवर घेतली.

दादांनी राहिलेल्या चार नावांची यादी वाचली. खडू चालला: "तीन भिकार होती."

"आणि चौथं?" घड्याळजींनी खाली मान घालून विचारलं.

दादा उठले. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी धाकट्याच्या मांडीवर आदळलं आणि पाटी त्याच्या नाकासमोर धरली: "तू वाच. तुझा आवाज घाणेरडा आहे. तरी वाच."

पुतणीनं रेकॉर्डिंग लावून मोबाइल समोर ठेवला. घड्याळजींनी घसा खाकरला, पहिलं वाक्य वाचलं. दादांनी शिसारी आल्यासारखा चेहरा केला आणि लिहिलं: "पुन्हा."